साबुदाणा भिजायच्या आत

माझा धंदा माझ्या भावाने घरी आणून बसवलेल्या राउटरमुळे सुरू झाला, असं तो अजूनही चार लोकांत सांगतो. लग्नात सांगतो, बारशाला सांगतो, मागे एकदा तेराव्याच्या जेवणातसुद्धा सांगितलं. ऐकणारे कौतुकाने माझ्याकडे बघतात आणि मी पानातला पापड बारीक करत बसते. आज नोएडात माझी माणसं ऑफिसांमधून नेटवर्कच्या वायरी टाकतात. मोठ्या कंपन्यांचे खरेदीवाले माझ्याशी भाव करायला बसण्याआधी चहा मागवून ठेवतात, कारण लवकर उठायला मिळणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. हे सगळं कुठून सुरू झालं ते मला माहीत आहे. आईला माहीत होतं. दादाला माहीत आहे की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. चाळिशीत कोणी आठवणी लिहितं का, असंही त्यानेच विचारलं होतं. म्हणून हा भाग जरा नीट लिहितेय.

बाबा गेल्यावर सरकारी क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही दिल्लीतल्या मुनिरका गावात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत आलो. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या बाईने मीठ मागितलं तर खिडकीतून हातात देता यायचं. डोक्यावर वायरींची अशी जाळी की आकाश बघायचं तर गच्चीवर जावं लागे. त्या दोन खोल्यांत आईने खानावळ काढली. महाराष्ट्रातून परीक्षांच्या तयारीसाठी आलेली मुलं-मुली आजूबाजूच्या खोल्यांतून राहायची. राजमा आणि छोल्यांना विटलेली ही मंडळी पिठल्याच्या वासाने तीन जिने चढून वर यायची. सकाळी पोलपाटाचा आवाज, मग कढईत दाणे भाजताना उलथन्याची खरखर, मग जिन्यात चपला. पायरीवर बसून कोणीतरी घटनेतली कलमं पाठ करत असायचं, आणि आई आतून ओरडायची, "अरे, ते कलम राहू दे, आधी जेवून घे." मी बाहेर हिंदी, घरात मराठी, आणि रागावले की दोन्ही. आई 'अडकित्ता' म्हणाली की मी नुसती तिच्याकडे बघत राहायची. ती म्हणायची, "दिल्लीने पोरीची जीभ अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी भांडायला ठेवलीय."

खानावळीतलं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे संध्याकाळी किती जण जेवणार, हे कोणीच सांगायचं नाही. लायब्ररीत बसले की मुलं जेवण विसरायची. नाहीतर एकाऐवजी तीन जण यायचे, गावाकडचा मित्र आलाय म्हणून. कधी पोळ्यांची चळत उरायची, कधी शेवटच्या मुलाला वरण-भातावर भागवावं लागायचं. आई उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा करताना जे बोलायची ते इथे लिहिता येणार नाही. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. दादाला इंजिनिअर केल्यावर माझ्यासाठी बी.ए.च उरलं होतं. कॉम्प्युटरचं जे काही यायचं ते दादाच्या जुन्या पुस्तकांतून आणि कॉलेजच्या लॅबमध्ये बसून शिकलेलं. मी नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेले आणि एका दुकानाबाहेर रचून ठेवलेल्या जुन्या मशीनांतलं एक निवडलं. "भैया, ये तो कबाड़ है," मी म्हटलं. "कबाड़ है तो छोड़ दो मैडम." "छोड़ ही रही हूँ," म्हणून मी चालायला लागले, आणि जिन्याच्या वळणापर्यंत मागे बघितलं नाही. वळणावर त्याने हाक मारली. आयुष्यात मला हमखास जमलेली अशी ती एक गोष्ट आहे, मागे न बघता चालायला लागणं.

ते मशीन दाराच्या वरच्या माळ्यावर बसवलं, वायर राउटरला जोडली, आणि त्यावर एक पान ठेवलं. म्हणजे आमच्या घरातच एक छोटा वेब सर्व्हर झाला. मुलांनी कुठूनही मोबाईलवर ते पान उघडायचं, आपल्या नावापुढे खूण करायची, साधं जेवण की उपासाचं ते निवडायचं, बस. स्वयंपाकघरात आईच्या मोबाईलवर एका बोटात आकडा दिसायचा. तिच्या मोबाईलमध्ये इंटरनेटचा पॅक नव्हता, घरच्या वायफायवर चालायचं ते. नियम एकच ठेवला, खूण नाही तर ताट नाही. पहिल्या आठवड्यात दोघंतिघं उपाशी परत गेले, मग सगळे शहाणे झाले.

फक्त दादाला ते पटलं नाही. तो नोएडात नोकरीला लागला होता, तिथेच मित्रांबरोबर राहायचा, आणि शनिवार-रविवारी किंवा सणावाराला घरी यायचा. आला की त्याच्या टेबलाशी बसून लॅपटॉप उघडायचा. त्या टेबलावर दुसऱ्या कोणी काही ठेवायचं नाही, तो नसतानाही. कराडच्या मामाने माझ्यासाठी बी.एड.ची जागा बघून ठेवली होती आणि दादाचं म्हणणं होतं की मी जावं. "आई, तिचं ते मशीन म्हणजे खेळणं आहे. एक दिवस बंद पडेल आणि तुझी चाळीस ताटं वाया जातील. सिस्टिमचं काम असं माळ्यावर बसून होत नसतं." आई दोघांकडे बघायची आणि कणीक मळायची. शेवटी वाद इतका चढला की मीच म्हटलं, परीक्षा घे. कार्तिकी एकादशी येतेय. उपासाच्या दिवशी आकड्याचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण एकादशी आणि दुप्पट खाशी. उपास न करणारेही खिचडीसाठी उपास धरतात. त्या दिवशी माझा आकडा चुकला तर मी मुकाट्याने कराडला जाते. बरोबर आला तर हा विषय पुन्हा या घरात काढायचा नाही.

दादा हसला आणि अटी घालायला लागला. आईने स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या हाताने बघायचं. मी मोबाईलला हात लावायचा नाही आणि आकडा वाचून दाखवायचा नाही, कारण उद्या मी घरी नसले तर काय. साबुदाणा भिजत घालायच्या वेळेला पान उघडलं पाहिजे. आणि आईला म्हणाला, "अंदाजाने एक मूठही जास्त घालायची नाहीस. मशीन जेवढं सांगेल तेवढंच. चुकलं तर चुकू दे, म्हणजे कळेल तिला."

"पोरं उपाशी राहतील रे," आई म्हणाली.

"एक दिवस राहू देत."

मला तेव्हा अटींवर भांडता आलं असतं. भांडले नाही. समोरचा स्वतःहून अटी घालत असेल तर त्याला घालू द्याव्यात. त्यातली एखादी पुढे त्याच्याच पायात येते.

एकादशीच्या आधीच्या रविवारी दादा नवा राउटर घेऊन आला. जुना फार हळू आहे, त्याचे ऑफिसचे कॉल अडकतात, असं म्हणाला. त्याने जुना काढला, नवा भिंतीला ठोकला, बाहेरून येणारी मागणी माळ्यावरच्या मशीनकडे वळवायची सोय त्यात केली, पासवर्ड स्वतःचा घातला आणि मला सांगितला नाही. "तू हात लावू नकोस, सेटिंग बिघडवशील." मग जिन्यात जाऊन मोबाईलच्या इंटरनेटवरून पान उघडून बघितलं आणि म्हणाला, "चालतंय की." आणि गेला. मीही कॉलेजच्या लॅबमधून रोज बघत होते, उघडत होतं. त्या आठवड्यात दिवाळीला गावी गेलेली मुलं अजून परतायची होती, हाताच्या बोटावर मोजण्याएवढी जेवणं होती, त्यामुळे आईला पान उघडायची गरजच पडली नाही.

एकादशीच्या सकाळी मुलं सगळी परतली होती. बाहेर धुरकं इतकं दाट की समोरची खिडकीही पुसट दिसत होती. आईने खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि घरभर भाजलेल्या दाण्यांचा वास कोंडला होता. आईने मोबाईल घेतला, बोट टेकवलं. पान फिरत राहिलं. मग पांढरं झालं आणि उघडता येत नाही म्हणून सांगितलं.

"वैशे, हे येत नाहीये गं."

मी स्टूल घेऊन माळ्यावर बघितलं. मशीनचा दिवा हिरवा, पंखा घरघरत होता. इंटरनेट होतं, आईच्या मोबाईलवर तिची भजनं व्यवस्थित लागत होती. मी माझ्या मोबाईलवर पान उघडलं, नाही उघडलं. इम्रानला फोन लावला. इम्रान परभणीचा, आमच्या खानावळीतला सगळ्यात जुना मुलगा, दुपारचे बारा वाजले की पहिला हजर. तो लायब्ररीत होता. "उघडतंय की ताई. मी तर खूण पण केली. खिचडी."

"तुझा कसला उपास?"

"'दुप्पट खाशी' ही म्हण तुमच्यात आहे, ताई. मी फक्त पाळतो."

हसायला मला सवड नव्हती. लायब्ररीतून उघडतं आणि मशीनच्या खाली उभं राहून उघडत नाही, हे माझ्या डोक्यात शिरेना. मी मशीन बंद करून चालू केलं. लगेच मुलांचे फोन सुरू झाले, ताई, पान गेलं. पुन्हा आलं, पुन्हा त्यांना दिसायला लागलं, आम्हाला नाही. वायर बदलली. काही फरक नाही. राउटर बंद करून चालू केला, फरक नाही. राउटरच्या आत बघायचं तर पासवर्ड दादाकडे. त्याला फोन केला. त्याने पलीकडून मोबाईलवर पान उघडलं असावं, कारण म्हणाला, "मला इथे नोएडात दिसतंय. मशीन तुझं, पान तुझं, गडबड तुझ्याकडेच असणार."

"पासवर्ड दे."

"मीटिंगमध्ये आहे. आणि परीक्षेच्या मध्ये पासवर्ड मागतात का कोणी?"

मी फोन ठेवला आणि कुकरचं झाकण हाताला लागलं ते भिंतीवर आपटलं. आईने झाकण उचललं, पोचा बघितला आणि साबुदाण्याचा डबा फळीवरून खाली काढून ओट्यावर ठेवला. तो डबा ओट्यावर आला की काय ते मला कळत होतं. दुपारच्या स्वयंपाकाची भांडी घासून झाली की साबुदाणा भिजायला पडायचा, नाहीतर रात्रीपर्यंत मोकळा व्हायचा नाही. डब्याशेजारी तिने रिकामी परात ठेवली आणि भांडी घासायला घेतली. मी त्या भांड्यांच्या ढिगाकडे घड्याळाकडे बघावं तशी बघत होते. माझ्या आयुष्यात त्यानंतर मोठाली कंत्राटं अडली, माणसं सोडून गेली, पण तो ढीग उतरताना मी एकेक भांडं मोजलं, तसं पुन्हा कधी काही मोजलं नाही. कराडच्या मामाचं घर माझ्या डोळ्यांपुढे दिसत होतं. मामी चांगली होती, पण त्या घरात गेलेली मुलगी लग्न ठरल्याशिवाय बाहेर येत नाही, हे मी मावशीच्या दोन मुलींच्या बाबतीत बघितलं होतं.

जेवणाला मुलं यायला लागली. इम्रान आणि त्याचा लातूरचा मित्र गजानन बोलत बोलत जिना चढत होते. इम्रानच्या हातातल्या मोबाईलवर माझं पान होतं, मी दारातून बघितलं, स्वच्छ दिसत होतं. तो आत आला, चप्पल काढली, भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "अरे, गेलं."

"काय गेलं?"

"पान. आत्ता तर होतं."

"बाहेर जा," मी म्हटलं.

"ताई, भूक लागलीय."

"बाहेर जा, जिन्यात उभा राहा, आणि उघड."

तो गेला. खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरला आणि ओरडला, "आलं." वर बोलावलं. आत आल्यावर थोड्या वेळाने पुन्हा गेलं. पुन्हा पाठवला. गजानन म्हणाला, "ताई, याला प्रदक्षिणा घालायला लावताय का? एकादशी आहे म्हणून?" मी इम्रानचा मोबाईल मागितला आणि वायफाय बंद केलं. घरात, माझ्या समोर, चुलीपासून हाताभरावर पान उघडलं. वायफाय चालू केलं, मेलं. म्हणजे मशीनचा दोष नव्हता, घराचाही नव्हता. जो आमच्या घरच्या वायफायवर यायचा त्याच्यासाठीच दार बंद होत होतं.

गजानन खालच्या आवाजात म्हणाला, "मग कशाला तगमग? इम्रानच्या मोबाईलवर आकडा बघा आणि काकूंच्या कानात सांगा. कोण विचारतंय?" इम्राननेही मान हलवली. खरं सांगते, तो क्षण अवघड होता. आकडा माझ्या हातात होता. पण अट मी मान्य केली होती, आणि मान्य केलेली अट चोरून मोडली की पुढच्या वेळी भांडायला तोंड राहत नाही. मी मोबाईल उलटा करून त्याला परत दिला. आकडा बघितला नाही.

मग मी खाली बसले आणि पहिल्यांदा रागाशिवाय विचार केला. मुलं ज्या नावाने पान उघडत होती तो आमच्या घराचा बाहेरचा पत्ता होता, गल्लीतून येणाऱ्यासाठी. आईच्या मोबाईलवरही मी तोच पत्ता घातला होता, सगळ्यांना एक असावा म्हणून. म्हणजे आई घरात बसून घराचा बाहेरचा पत्ता विचारत होती. जुना राउटर समंजस होता. घरातलंच माणूस घराचा पत्ता विचारतंय म्हटल्यावर तो त्याला आतल्या आत वळवायचा. दादाच्या नव्या राउटरला ते येत नव्हतं. बाहेरच्याला तो नीट आत आणायचा, पण घरातल्याची मागणी दारापर्यंत नेऊन टाकून द्यायचा. दादाने जिन्यात उभं राहून तपासलं होतं. घरात येऊन तपासावं, असं त्याला वाटलंच नव्हतं. या घरात जे लागतं ते त्याला बाहेरूनच ठीक दिसायचं, हे मी आज लिहितेय. तेव्हा मी मोठ्याने एवढंच म्हटलं, "आतला पत्ता हवा."

घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आतला पत्ता देतो, नुसते आकडे आणि टिंबं. त्या पत्त्याने गेलं तर बाहेर जायची गरजच नाही. माळ्यावरच्या मशीनला नव्या राउटरने कोणता आकडा दिलाय ते पासवर्डशिवाय दिसणार नव्हतं, आणि मशीनला पडदा नव्हता. पण माझ्या मोबाईलला काय मिळालाय ते मोबाईलच दाखवतो. मी बघितलं. शेवटी एकशे पाच होतं. हे आकडे ओळीने वाटले जातात, म्हणजे मशीन आसपासच कुठेतरी असणार.

आईची शेवटची कढई घासून झाली होती. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि डब्याचं झाकण उघडलं.

"आई, मोबाईल घे. मी सांगते ते टाक."

"मला ते इंग्रजी येत नाही."

"इंग्रजी नाही. फोन नंबर टाकतेस तसं टाकायचं."

सांगायला अटीत बंदी नव्हती, फक्त हात लावायला आणि आकडा वाचायला होती. ती बसली. एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब. शेवटी एकशे एक. तिच्या बोटाला अजून ओल होती, दोनदा चुकलं, दोनदा पुसलं. पांढरं पान आलं. एकशे दोन, पांढरं. इम्रान आणि गजानन जेवायचं विसरून उकिडवे बसले होते. एकशे तीन टाकताना आईने वर बघितलं आणि विचारलं, "यातही नसलं तर?"

"तर मामीला सांग, मला वांगं आवडत नाही."

तिने बोट टेकवलं. पान फिरलं, आणि उघडलं. आईने मोबाईल दूर धरून, चष्म्याशिवाय, हळूहळू वाचलं. "साधं, एकवीस. उपास, एकोणीस." मग खालची नावंही वाचली, एकेक, ओठ हलवत. तिचं होतं, माझं होतं. दादाचं नव्हतं. तो उपास धरायचा आणि एकादशीला संध्याकाळी खिचडीसाठी हमखास यायचा, पण खूण करणं त्याने कधी मनावर घेतलं नाही. स्वतःच्या घरी कोण खूण करतं? मला ते दिसलं. आईलाही दिसलं असणार, कारण ती शेवटच्या नावावर जरा थांबली. मी आठवण करून दिली नाही. अंदाजाने एक मूठही नाही, ही अट माझी नव्हती. आईने वाटीने साबुदाणा मोजून परातीत घातला, पाण्याचा हबका मारला, आणि डब्याचं झाकण लावलं.

संध्याकाळी ताटं बरोबर लागली. कोणी उरलं नाही, काही उरलं नाही. इम्रानने खिचडी दोनदा मागितली आणि आईने दोन्ही वेळा उलथनं दाखवलं. शेवटची मुलं हात धुवून उठली, आईने आपली दोन ताटं वाढली, आणि दार वाजलं. दादा होता, कॅबने आलेला, ट्रॅफिकने वैतागलेला. पाय धुवून आला, नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "काय मग, लागला निकाल?"

"लागला," आई म्हणाली.

"उघडलं?"

"माझ्या हाताने उघडलं."

तो भिंतीवरच्या राउटरकडे बघून म्हणाला, "बघ, मी म्हटलं होतं ना, सेटिंग बरोबर केलीय. चला, वाढ."

"तू खूण केली नव्हतीस."

दादाला आधी गंमत वाटली. तो हसत माझ्याकडे बघायला लागला. मग त्याने कढईत वाकून बघितलं. कढई कोरडी होती. मी माझं ताट पुढ्यात ओढलं आणि पहिला घास घेतला. इतकी चविष्ट खिचडी मी त्याआधी खाल्ली नव्हती, त्यानंतरही नाही. आई उभी होती. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग स्वतःचं ताट उचलून त्याच्यापुढे ठेवलं. एकादशीचा उपास, दिवसभर ओट्याशी उभी राहिलेली बाई. तिने एक केळं सोललं. दादाने ताट घेतलं. नको म्हणाला नाही. दोन घास खाऊन म्हणाला, "मिरची जरा जास्त झालीय."

घास माझ्या तोंडातच राहिला. मी माझ्या ताटातली अर्धी खिचडी आईच्या वाटीत काढली, तिने ती मुकाट्याने घेतली. मग म्हणाली, "वैशे, याचं नाव त्यात कायमचं टाकून ठेव. याला आठवायचं नाही."

जिंकलेल्या दिवशी हे ऐकायचं होतं. हात पुन्हा कुकरच्या झाकणाकडे गेला होता. पण विकणारा हाक मारतो तो वळणावर, हे मला तोपर्यंत माहीत झालं होतं. मी उठले, चालायला लागले, आणि दारापाशी थांबून म्हटलं, "टाकते. पण मशीन माळ्यावर राहणार नाही. तिथे धूळ जाते."

"मग कुठे ठेवणार?" आईने विचारलं.

मी बोट दाखवलं. दादा घास थांबवून बघायला लागला. "ते माझं टेबल आहे," तो म्हणाला.

"मग नाव टाकत नाही," मी म्हटलं.

आईने केळ्याची साल परातीत ठेवली. "दे रे तिला," ती म्हणाली. "तू शनिवारीच तर येतोस."

तो जेवत असतानाच मी त्याची पुस्तकं उचलून पलंगावर ठेवली, स्टूल लावलं आणि मशीन खाली उतरवलं. जड होतं. दादा उठला नाही, त्याच्या हाताला खिचडी लागली होती. मशीन टेबलावर ठेवून मी त्याच्याकडे पाठ केली आणि वायर जोडली. मग मागे हात केला आणि म्हटलं, "आता पासवर्ड सांग."